अलास्का क्रूझचं प्लॅनिंग: जहाज सगळ्यात शेवटी निवडा

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना परत एकदा हाय, आणि जे लोकलमध्ये रेंज जाते म्हणून वाचणं पसंत करतात त्यांचं स्वागत. बोलताना केलेले "म्हणजे", "बघा ना" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला. अलास्का क्रूझ कशी प्लॅन करायची? मी पुण्यात बीटेक केलं, नोकरीला लागलो, आणि कंपनीने बदली करून सिएटलला पाठवलं. इथून दर उन्हाळ्यात अलास्काची जहाजं सुटतात. दोन वर्षांपूर्वी मी मित्रांबरोबर एकदा जाऊन आलो. आता आई-बाबांना न्यायचंय. दोघांच्या लांबच्या प्रवासाची ही बहुधा एकच संधी. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना पुन्हा चोवीस तासांचा विमानप्रवास नकोय. त्यामुळे या वेळी "बघू, जमेल तसं" चालणार नाही.

सगळा भाग एका वाक्यात सांगायचा तर: जहाज सगळ्यात शेवटी निवडा. बहुतेक जण उलटं करतात. इन्स्टावर वॉटरस्लाइडवालं जहाज दिसतं, ऑफर दिसते, बुकिंग होतं आणि मग व्हिसाचा विचार सुरू होतो. आमच्या कामात एक शब्द आहे, डिपेंडन्सी. म्हणजे कुठली गोष्ट कशावर अवलंबून आहे ते. अलास्काच्या ट्रिपमध्ये क्रम असा लागतो: नकाशा, कायदा, कागदपत्रं, महिना, बंदरं, आणि मग जहाज. एकेक बघू.

आधी नकाशा उघडा

फोनवर मॅप उघडा आणि सिएटलपासून वर सरकत जा. आधी व्हँकुव्हर लागेल, ते कॅनडात. मग कॅनडाचाच लांबलचक किनारा. आणि त्यानंतर अलास्काची एक चिंचोळी पट्टी खाली लोंबताना दिसेल. या पट्टीसमोर साधारण ११०० बेटं आहेत. बेटं आणि मुख्य जमीन यांच्या मधून जो पाण्याचा रस्ता जातो, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. बेटांमुळे मोठ्या लाटा अडतात. दोन्ही बाजूला डोंगर, जंगल, धबधबे, आणि मधून जहाज शांतपणे चाललेलं.

सिएटलहून सुटणारी बरीच मोठी जहाजं सुरुवातीला व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हर शहरातून सुटणारी जहाजं मात्र त्या बेटाच्या आतल्या बाजूने जातात. गेटवे ते मांडवा लॉन्चमध्ये ज्यांना बोट लागते, त्यांना हा फरक पहिल्याच रात्री कळेल.

या आतल्या वाटेवर सेमूर नॅरोज नावाचा एक अरुंद भाग आहे. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता, त्याने कित्येक जहाजं बुडवली. शेवटी ५ एप्रिल १९५८ रोजी कॅनडाने तो सुरुंग लावून उडवला. आजही तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरात असतो, की मोठी जहाजं पाणी शांत होण्याची वेळ साधून जातात. व्हँकुव्हरहून निघण्याची वेळसुद्धा त्यावर जुळवलेली असते.

म्हणजे प्रवासाचे प्रकार तीन झाले. सिएटल ते सिएटल सात दिवस. व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर सात दिवस. आणि व्हँकुव्हर ते अलास्कातलं सीवर्ड किंवा व्हिटियर, एका बाजूचा प्रवास, मग पुढे जमिनीवरून अँकरेज आणि डेनाली. तिसऱ्यात अलास्का सर्वात जास्त दिसतं, पण विमानाची तिकिटं वाढतात.

१८८६ चा कायदा आणि तुमची सुट्टी

आता प्रश्न असा, की सिएटलहून थेट अँकरेजच्या बाजूला का जाता येत नाही? दोन्ही अमेरिकेतच आहेत की!

याचं उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचे नाहीत, असा तो नियम. हेतू देशी जहाजधंद्याला संरक्षण देण्याचा. आणि आजची बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामाज, बर्म्युडा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. कंपनीचं ऑफिस मायामीत असलं तरी जहाज कायद्याने परदेशी.

सिएटलहून निघून सिएटललाच परत यायचं असेल तर मध्ये एका परदेशी बंदराला थांबलं की काम होतं. पण चढायचं एका अमेरिकन बंदरात आणि उतरायचं दुसऱ्या, तर वाटेत "दूरचं" परदेशी बंदर लागतं, आणि कायद्याच्या भाषेत कॅनडा दूर नाही. म्हणून एका बाजूच्या फेऱ्या सिएटलऐवजी व्हँकुव्हरहून सुटतात. आणि म्हणूनच सिएटलची फेरी बहुतेक वेळा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते. ते शहर सुंदर आहे, पण जहाज तिथे थांबतं ते मुख्यतः कायद्यासाठी.

हा नियम किती पक्का आहे ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडमुळे कॅनडाने क्रूझला बंदरं बंद ठेवली होती. मग त्या मे महिन्यात अमेरिकेच्या संसदेला खास तात्पुरता कायदा करावा लागला, तेव्हा कुठे जुलैत मोठी जहाजं अलास्काला निघाली. ज्या गावांचं पोट या चार-पाच महिन्यांवर चालतं, त्यांना तोपर्यंत वाट बघत बसावं लागलं.

भारतीय पासपोर्ट असेल तर इथे थांबा

हा मुद्दा दोनदा ऐका. भारतीय पासपोर्टवर सिएटल-सिएटल क्रूझ म्हणजे दोन देशांचा प्रवास.

एक, अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवा, कारण तुम्ही व्हिक्टोरियाहून परत अमेरिकेत शिरता. आई-बाबांना मिळणारा बी-१/बी-२ व्हिसा बहुतेक वेळा मल्टिपलच असतो, तरी पासपोर्टवर वाचून खात्री करा.

दोन, कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवा. "आम्ही उतरणारच नाही, केबिनमध्ये बसून राहू" हे चालत नाही. क्रूझ कंपनी चढतानाच कागद बघते. नसेल तर टर्मिनलवरूनच परत पाठवतात, आणि पैसे मिळण्याची आशा सहसा नसते. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून भारतीयांना कॅनडाचा माफ होत नाही.

ग्रीनकार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. एच-वन-बीवाल्यांना लागतो, माझ्यासारख्यांना. आणि ज्यांचा पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलाय पण इथला स्टेटस चालू आहे, त्यांच्यासाठी कॅनडाहून ३० दिवसांच्या आत परतताना एक सवलत असते. तिला अटी बऱ्याच आहेत, तेव्हा यूट्यूबवर विसंबू नका, कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेल करा.

आता आई-बाबांसाठीची महत्त्वाची टिप. कॅनडाचा व्हिसा त्यांनी भारतातून निघण्याआधी काढावा. अर्ज ऑनलाइन होतो, पण बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावं लागतं, आणि व्हिसा मंजूर झाल्यावर पासपोर्ट शिक्क्यासाठी जमा करावा लागतो. इथे आल्यावर हे सगळं करायचं म्हणजे परक्या देशात वडीलधाऱ्यांचा पासपोर्ट कुरिअरने पाठवून वाट बघायची. बाबांच्या जिवाला घोर कशाला? माझ्या शीटमध्ये "कॅनडा व्हिसा हातात" ही ओळ हिरवी झाल्याशिवाय "डिपॉझिट भरा" ही ओळ उघडतच नाही.

महिना कुठला?

सीझन साधारण एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात पाऊस त्या मानाने कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर आणि भाव उतरलेले. जून-जुलै सर्वात उबदार, म्हणजे दुपारी १५ ते १८ अंश. आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखं समजा, फक्त ओलं. जूनमध्ये जूनोला १८ तासांहून जास्त उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये नद्यांत सामन मासे वर चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात. ऑगस्टच्या मध्यापासून पाऊस वाढत जातो.

नॉर्दर्न लाइट्सचं काय? उन्हाळ्यात आकाश पुरेसं काळंच होत नाही. कोणी जूनच्या क्रूझमध्ये ऑरोरा दाखवतो म्हणाला तर हसून पुढे जा. सप्टेंबरमध्ये नशीब असेल तर दिसू शकतो.

आम्ही मेचा शेवट धरलाय. उजेड भरपूर, पाऊस कमी, आणि शाळांच्या सुट्ट्या लागण्याआधी गर्दीही कमी.

बंदरं: कुठे काय बघायचं

केचिकॅन हे बहुतेक वेळा पहिलं बंदर. वर्षाला साधारण ३८०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या घाटमाथ्याशी स्पर्धा. फरक इतकाच, की आपला चार महिन्यांत कोसळतो, त्यांचा वर्षभर चालू असतो. छत्रीपेक्षा चांगला रेनकोट घ्या. ट्लिंगिट आणि हायडा लोकांचे कोरीव लाकडी टोटेम खांब इथे बघायला मिळतात. ते नुसते शोभेचे नसतात, घराण्यांचा इतिहास त्यात कोरलेला असतो. माहिती सांगणारा स्थानिक माणूस मिळाला तर सोडू नका.

जूनो ही अलास्काची राजधानी, आणि तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विमान किंवा बोट, बस्स. गावापासून साधारण २० किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. बसने जाता येतं, चालणं कमी, आईसाठी योग्य. व्हेल बघायच्या बोटीही इथूनच सुटतात.

स्कॅगवे हे १८९७-९८ च्या सोन्याच्या शोधाचं गाव. तिथली व्हाइट पास रेल्वे १९०० मध्ये पूर्ण झाली. आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, हिचे तीन फुटी. साधारण ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर वर चढते. इथेही पासपोर्टचा खेळ आहे. शिखरापर्यंत जाऊन वळणारी गाडी वेगळी, आणि पुढे कॅनडात उतरवणारी वेगळी. बुक करताना कुठली ते वाचा.

आणि आता ज्यासाठी सगळे जातात तो दिवस, हिमनदीचा. इथे नाव नीट बघा, कारण प्रत्येक फेरीत वेगळी हिमनदी असते. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना परवानगी. पार्कचे रेंजर जहाजावर चढून दिवसभर माहिती देतात. हबर्ड हिमनदी आणखी वर आहे, लांबी सुमारे १२२ किलोमीटर, आणि ती चक्क पुढे सरकतेय. बहुतेकांचं उलट चाललंय. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी इथून गेले तेव्हा ग्लेशियर बे नावाचा उपसागर जवळजवळ नव्हताच, सगळा बर्फच होता. आज तो बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे गेलाय. त्याआधी हाच बर्फ पुढे आला तेव्हा हूना ट्लिंगिट लोकांना आपली गावं सोडावी लागली होती. त्यांचं घराण्यांचं सभागृह त्या भूमीवर पुन्हा उभं राहिलं ते २०१६ मध्ये.

बर्फ निळा का दिसतो, हा प्रश्न आई नक्की विचारणार. दाबून घट्ट झालेल्या बर्फात हवेचे बुडबुडे उरत नाहीत. प्रकाश खोल आत जातो, लाल रंग शोषला जातो आणि निळा परत येतो. झालं.

जहाज, केबिन आणि खरा खर्च

आता, शेवटी, जहाज. वाट, बंदरं आणि महिना ठरल्यावर यादीत तीन-चारच जहाजं उरतात. मोठ्या जहाजात खेळ आणि रेस्टॉरंट जास्त, मध्यम जहाजात रांगा कमी. बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. झोके तिथे कमी असतात. बाल्कनी महाग पडते, पण आईला डेकवर जाऊन थंडीत उभं राहायचं नसेल तर अलास्कात ती उपयोगी पडते. कुठली बाजू घ्यावी याचा फार विचार नको. हिमनदीसमोर जहाज गोल फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसतं.

जाहिरातीतली किंमत ही दोघांच्या केबिनमधली माणशी किंमत असते. एकट्याने गेलात तर जवळपास दुप्पट. त्यावर बंदराचे कर. त्यावर टिप, माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर. समजा १८ धरले, तर तिघांचे सात दिवसांचे ३७८ डॉलर झाले, आणि हे जाहिरातीत दिसत नाही. त्यावर बंदरातल्या सहली, व्हेलची बोट माणशी दीडशे-दोनशे डॉलरपर्यंत जाते. वाय-फाय वेगळं. माझ्या शीटमध्ये "तिकीट" आणि "तिकिटानंतर" असे दोन रकाने आहेत, आणि दुसरा पहिल्याच्या बराच जवळ पोचतो.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी, जैन जेवण आधी कळवलं तर मिळतं, बुफेत भात आणि काहीतरी रस्सा बहुतेक असतोच. तरी आई मेतकूट घेणारच आहे, तो वाद मी घालत नाही.

मोठ्यांना नेताना: विमा

जहाजावर डॉक्टर असतात, पण बिल वेगळं आणि जबरदस्त येतं. गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवावं लागतं. विमा घेताना तीन गोष्टी शब्दांत लिहिलेल्या बघा: क्रूझ धरलेली आहे का, अमेरिका आणि कॅनडा दोन्ही आहेत का, आणि आधीपासूनचा बीपी, शुगर धरलाय का. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. आणि विमान क्रूझच्या आदल्या दिवशी पोचेल असंच घ्या. जहाज कोणासाठी थांबत नाही.

फोनवाल्यांसाठी

जहाज सुटलं की एअरप्लेन मोड. समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लटकतो आणि बिल बघून घाम फुटतो. अमेरिकन सिम अलास्काच्या बंदरांत चालतं, व्हिक्टोरियात मात्र कॅनडाचं रोमिंग. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाजाची वेळ कधी वेगळी असते. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाळा. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

कॅनडाचा व्हिसा नसेल तर?

रस्ता आहे, आणि स्वस्तही. अलास्का मरीन हायवे ही अलास्का राज्याची फेरी, १९६३ पासून चालू. सिएटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम आहे, तिथून सुटून साधारण दीड दिवसात केचिकॅनला पोचते. जहाजं अमेरिकन झेंड्याची, त्यामुळे १८८६ च्या नियमाचा प्रश्न नाही आणि कॅनडात थांबायचीही गरज नाही. केबिन नको असेल तर लोक डेकवर झोपतात, तंबू ठोकतात. शो नाही, बुफे नाही, पण वाट तीच. पंचविशीतल्या मंडळींना मी हेच सुचवेन. किंवा सिएटलहून जूनोला विमानाने जा, साधारण अडीच तास.

शेवटचं, आणि मला महत्त्वाचं वाटणारं

जूनोत साधारण ३२ हजार लोक राहतात. गर्दीच्या दिवशी पाच मोठी जहाजं लागली की त्यांच्या निम्म्याने पाहुणे एका दिवसात उतरतात. म्हणून २०२४ पासून तिथे दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा आली. दुसरीकडे, मेंडेनहॉलच्या वरच्या बाजूला साठणारं बर्फाचं पाणी उन्हाळ्यात अचानक फुटून खाली येतं. २०२३ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या पुराने तिथल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. आपण ज्या हिमनदीचा फोटो काढायला जातो, तिच्या पायथ्याशी लोक राहतात.

मी जाऊ नका म्हणत नाही, मीही जातोय. पण प्लॅन करताना एक रकाना याचाही ठेवा. गर्दीचा दिवस टाळता येतो का ते बघा, पोर्टचं वेळापत्रक ऑनलाइन असतं. निदान एक सहल स्थानिक माणसाची घ्या. हूना गावाजवळचं आइसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर तर ट्लिंगिट लोकांच्याच संस्थेचं आहे, तिथला पैसा बऱ्याच अंशी तिथेच राहतो.

तर मंडळी, क्रम पाठ करा: नकाशा, कायदा, कागदपत्रं, महिना, बंदरं, जहाज. पुढच्या भागात माझी शीट उघडून एकेक ओळ दाखवतो. तोपर्यंत घरच्यांच्या पासपोर्टची शेवटची तारीख बघून ठेवा. परतीच्या दिवसानंतर सहा महिने शिल्लक असायला हवेत. नसतील तर नूतनीकरणाचा अर्ज आजच भरा. भेटू!